आत जाणाऱ्यांची यादी

जपानी पंचांगात कुत्र्याचा दिवस दर बारा दिवसांनी येतो, त्यामुळे घाई करायचं तसं कारण नव्हतं. पण कुत्र्याचा दिवस आणि वर रविवार, असा योग पुन्हा जुळेपर्यंत पाचवा महिना उलटून नातीचं, सावाकोचं, पोट कोटाबाहेर आलं असतं, म्हणून तोमेने हट्टच धरला होता. कुत्री कशी विनासायास विते, तशी पोर सुटावी, एवढंच पाचव्या महिन्यात पोटाला बांधायच्या त्या पट्ट्यातून मागायचं असतं. पांढऱ्या कापडाचा तो लांब पट्टा घडी करून देव्हाऱ्यापुढे ठेवला होता. शुभप्रसंगाचा लाल भात वाफेवर होता आणि तोमे सूप ढवळत लेकीवर करवादत होती.

"शिगेला कशाला बोलावलंस?"

"भाचीच्या पट्ट्याला मामा नको?" नोबुए मुळा किसत म्हणाली. "काहीतरीच तुझं आई."

"त्याला ठाऊक आहे का?"

"काय?"

"पट्टा कुणासाठी आहे ते."

नोबुएचा हात किसणीवरच थांबला. "सावाने त्याला सांगितलं नाही? रोज एकाच कामावर असतात ना दोघं?"

"म्हणूनच सांगितलं नाही," तोमे म्हणाली. "मला आपलं कळलं, कारण मी तिच्या तोंडाकडे बघते. तुम्ही सगळे तिच्या पदवीकडे बघता."

नोबुएने मुळा खाली ठेवला. मुलगी हामानाईच्या बोगद्यावर पाण्याची मुख्य इंजिनिअर, भाऊ त्याच बोगद्यावर खोदणाऱ्यांचा मुकादम. तोराशिमा बेटाकडून आलेलं खोदकाम आणि इकडून गेलेलं, यांच्यामध्ये आता चार मीटर खडक उरला होता, आणि डोक्यावर समुद्र. अठ्ठावीस तारखेला शेवटचा सुरुंग. गेल्या वर्षी कायदा बदलला आणि बायांना अधिकारी म्हणून बोगद्यात जायची मुभा मिळाली. अठ्ठावीसला सावाको आत जाणार होती, म्हणून नोबुएने गल्लीत पेढे वाटावेत तशा तांदळाच्या वड्या वाटल्या होत्या. कायद्याच्या त्याच ओळीत पुढे काय लिहिलंय, ते मात्र तिला आत्ता, किसणी हातात असताना आठवलं. गरोदर बाईला नाही.

"अगं बाई," ती म्हणाली.

"आता सुचलं," तोमे म्हणाली आणि चुलीची आच कमी केली.

*

शिगेओ दारातूनच ओरडला, "ताई, चपटा मासा आणलाय! तासाभरापूर्वी उड्या मारत होता!" एक्कावन्न वर्षांचा गडी, बत्तीस माणसं याच्या एका हाकेवर उठतात, पण आईच्या घरात शिरला की आवाज शाळकरी होतो. त्याच्या आतल्या खिशात घडी केलेला कागद होता. अठ्ठावीसला आत जाणाऱ्यांची यादी. त्यात चौथं नाव सावाकोचं, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, आणि ते तिला दाखवायचं म्हणून तो सकाळपासून खुशीत होता.

ते नाव त्याला फुकट मिळालं नव्हतं. डोंगराची देवी बाई आहे, आपल्या पोटात दुसरी बाई आलेली तिला खपत नाही, हे खोदणाऱ्यांनी दूध पितानाच ऐकलेलं असतं. समुद्राखाली डोंगर कुठला, असं विचारून उपयोग नाही. खडक तिथे देवी. शिगेओने एकेकाला गाठून समजावलं होतं. तीन हजार शंभर मीटरवर कुणी थांबा म्हटलं होतं रे? या पोरीनेच ना? त्या वेळी तुम्ही शिव्या दिल्यात, आणि मग भोक पाडल्यावर पाणी आलं ते कसं आलं, विसरलात? मी तिची हमी घेतो. बत्तीसपैकी तेरा जणांनी होकाराची मान हलवली. एकोणीस जण पंधरा दिवस त्याच्याशी कामापुरतं सोडून एक शब्द बोलले नव्हते. त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, आणि दुपारचा डबा एकट्याने खाणं त्याला फार लागलं होतं.

बैठकीत आला तर समोरच पांढरा पट्टा.

"हा कुणाचा?"

सावाको खिडकीपाशी उभी होती, ती वळलीच नाही. बोलला तो तात्सुया, तिचा नवरा. हा समुद्रापासून लांबच्या गावातल्या सफरचंदवाल्यांचा मुलगा, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो, आणि मामापासून काही लपवायचंय हे त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आमचा, मामा!" तो हसत म्हणाला. "पाचवा लागला."

शिगेओ आधी हसला. भाचीला मूल होणार म्हटल्यावर कोणता मामा हसणार नाही? मग ते हसू तोंडावरच वाळलं. खिशातल्या कागदावर त्याचा हात गेला.

"ओनो इंजिनिअरसाहेब," तो म्हणाला, "जरा बाहेर येता का?"

घरात तो तिला सावा म्हणत असे, लहानपणापासून. हे नाव कामावरचं, आणि तेसुद्धा परक्यांसमोरचं. सावाकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाहेर नाही," कोपऱ्यातून तोमेच्या नवऱ्याचा, एइझोचा आवाज आला. ऐंशी वर्षांचा म्हातारा प्राणवायूची नळी नाकाला लावून गादीवर टेकून बसला होता. चाळीस वर्षांची खोदकामाची धूळ छातीत साठली होती, त्यामुळे तीन-चार शब्दांनंतर त्याला थांबावं लागे. "बर्फ पडतंय. काय बोलायचं ते... जेवताना बोला."

*

सगळे जेवायला बसले. प्राणवायूचं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. तोमेने मासा वाढला, लाल भात वाढला, तात्सुयाला लाल भात पचत नाही म्हणून त्याला साधा वाढला.

"किती दिवस ठाऊक आहे तुला?" अखेर शिगेओने विचारलं.

"अडीच महिने."

"अडीच महिने! म्हणजे मी तुझ्या नावासाठी त्या ओदाच्या दारात दारूची बाटली घेऊन उभा होतो, तेव्हा ठाऊक होतं. त्याने बाटली घेतली नाही, सावा. तीस वर्षं आम्ही एकत्र खोदतोय."

"मामा, मी सांगणार होते."

"कधी? बारशाला?"

"अठ्ठावीसनंतर."

"आणि कायदा?"

"कुठला कायदा?" तात्सुयाने विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना एकदमच कळलं की तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. नोबुएने हलक्या आवाजात सांगितलं. तात्सुयाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काय करावं ते न सुचून त्याने सुपाची वाटी उचलली आणि भातावर ओतली.

शिगेओच्या हातातल्या जेवणाच्या काड्या ताटावर पडल्या. नोबुए "अरे!" म्हणाली. म्हातारा टेकून बसला होता तो सरळ झाला.

खोदणाऱ्याच्या घरात भातावर सूप ओतत नाहीत. भाताचा डोंगर ढासळतो, वर पाणी फिरतं, बघवत नाही. लग्नाला तीन वर्षं होऊनही जावयाला हे माहीत नव्हतं, कारण तोमे त्याला नेहमी सूप शेवटी देई, आणि आज ती विसरली होती. तिने एका झडपेत त्याची वाटी उचलली, मोरीत रिकामी केली, अपशकुन निघावा म्हणून तिथे चिमूटभर मीठ टाकलं आणि नवा भात वाढून आणला. "खा," ती म्हणाली. "तुझा दोष नाही."

"तेरा दिवसांवर आलंय," शिगेओ म्हणाला, "आणि या घरात हे चाललंय."

"मामा, भातावर सूप ओतून पाणी येत नाही," सावाको म्हणाली. "पाणी कुठून येतं ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे! न बघता!"

हे त्याने बोलायला नको होतं, आणि बोलल्याबरोबर त्यालाही ते कळलं.

*

न बघता. सावाकोची अख्खी नोकरी या दोन शब्दांत मावत होती.

बाविसाव्या वर्षी, कॉलेजातून पहिली आलेली असताना, तिला एका आखाताच्या बोगद्यावर पाठवलं होतं. फाटकावरच्या माणसाने तिचं पत्र उलटंसुलटं करून वाचलं आणि विचारलं, पुरुष इंजिनिअर केव्हा येणार? तिने तीन वर्षं त्या बोगद्याच्या तोंडापासून साठ पावलांवर, पत्र्याच्या खोलीत बसून काढली. मग नॉर्वेला दोन वर्षं शिकायला गेली. तिथे कुणी काही विचारलं नाही. हातात शिरस्त्राण दिलं आणि चला म्हणाले. नॉर्वेच्या समुद्राखाली ती अकरा वेळा गेली, आणि घरच्या समुद्राखाली एकदाही नाही.

हामानाईत सात वर्षं झाली. दर सोमवारी मामा खोदकामाच्या टोकाशी झिरपणारं पाणी बाटलीत भरून आणून देई, वर मीटरचा आकडा लिहून. ती ते यंत्रात तपासायला पाठवी, पण त्याआधी बोट बुडवून चाखून बघे. आजोबाही असंच चाखायचे. नुसतं खारट असेल तर तितकं भय नसतं. खडकात शेकडो वर्षं मुरलेलं पाणीही खारट असतं. गार आणि ताजं खारट लागलं की समजायचं, वरून वाट झाली. तीन हजार शंभरच्या बाटलीला ती चव आली होती. यंत्राचा आकडा अजून मर्यादेत होता, तरी तिने काम थांबवलं. एकोणीस दिवस खडकात सिमेंट दाबून भरलं. वरचे साहेब रोज फोन करत होते. विसाव्या दिवशी तपासणीचं भोक पाडलं तर सिमेंटच्या पलीकडून पाण्याने छिन्नी माणसाच्या अंगावर परत फेकली.

या पाण्याची चव तिला माणसाच्या आवाजासारखी ओळखू येत होती. फक्त ते ज्या खडकातून येतं त्याला तिने कधी हात लावला नव्हता. आणि साहेबांना पाचव्या महिन्याचं सांगितलं असतं, तर त्यांनी हसून अभिनंदन केलं असतं, दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसरा माणूस बसवला असता, आणि अठ्ठावीसला तो आत गेला असता. तेही हसतच.

"दोन तास," ती म्हणाली. "गाडीतून जायचं, गाडीतून यायचं. रस्ता सपाट आहे. शेवटच्या चार मीटरमध्ये पाणी नाही, ते मी छातीवर हात ठेवून सांगते. मला एवढे दोन तास द्या, मामा. मग मी घरी बसते, स्वेटर विणते, काय म्हणाल ते करते."

"तुला विणता येत नाही," तात्सुया म्हणाला. इतका वेळ तो ताटाकडे बघत होता. "आणि घरी बसायला तुला मी कधी सांगितलं? पण मला सांगायला हवं होतं तू. माझंही आहे ना ते?"

"जाऊ दे तिला," नोबुए एकदम म्हणाली.

"ताई!"

"काय ताई? पंधरा वर्षांची असताना मी बाबांचा डबा घेऊन कारासुच्या बोगद्यापाशी गेले होते. डबा हातातून ओढून घेतला आणि मला असं हाकललं, जसं कुत्रं हाकलतात. नंतर माझ्या पावलांवर मीठ टाकलं. मी बघितलं मागे वळून. मी काय घाण होते? माझी मुलगी जाऊ दे. कोण मोजायला बसलंय महिने?"

"मी बसलोय!" शिगेओ म्हणाला. "काही झालं तर तोंड कुणाला दाखवू?"

"तुला तुझ्या तोंडाची पडली आहे."

"नाही," एइझो म्हणाला.

त्याने तो शब्द मोठ्याने म्हटला नव्हता, तरी बहीणभाऊ दोघंही त्याच्याकडे वळले.

*

एइझोने ही गोष्ट चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. छातीत श्वास कमी उरलाय हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने शब्द निवडून ठेवल्यासारखे एकेक काढले.

"त्या फळीवर... दगड किती?"

देव्हाऱ्याखालच्या फळीवर दगड मांडलेले होते. बोगदा आरपार झाला की त्या जागचा दगड खोदणारे घरी आणतात. घरात बाळंतीण असली तर तिच्या उशाशी ठेवतात, वाट मोकळी व्हावी म्हणून.

"चार," सावाको म्हणाली. लहानपणी ती त्यांच्याशी खेळली होती.

"बोगदे किती... काढले मी?"

"पाच." ती थांबली. "कारासुचा नाही यात. मी विचारलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, हरवला."

"समुद्रात टाकला."

त्याने थांबून श्वास घेतला. यंत्र घरघरत राहिलं.

"कारासु आरपार झाला... त्या दिवशी मी हिला आत नेलं होतं. माझे कपडे घालून. शिरस्त्राण डोळ्यांवर ओढून. सोळा वर्षं डबे करत होती आमचे... म्हटलं, एकदा बघू दे." तो तोमेकडे बघत नव्हता. "पाचवा महिना होता. तुम्हा दोघांनंतरचा... तिसरा."

नोबुएने तोंडावर हात ठेवला. एक भावंड गेलं होतं एवढंच तिला माहीत होतं.

"तिसऱ्या दिवशी गेलं पोटातच. मी देवीला... फसवलं. तिने घेतलं." त्याने सावाकोकडे बघितलं, आणि त्या बघण्यात रागाचा लवलेश नव्हता, नुसती गयावया होती. "कायदा राहू दे. शिगेची माणसं राहू देत. तू जाऊ नकोस, पोरी. मी पुन्हा... नाही सोसू शकणार."

सावाकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मनातल्या मनात मात्र ती म्हणाली, हरले. कायद्याशी भांडता येतं, मामाशी भांडता येतं. याच्याशी कसं भांडायचं?

तोमेने हातातली वाढणी खाली ठेवली.

"देवीने नाही घेतलं," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मलाच माहीत असणार. पोट माझं होतं." तिने पदरासारखा पुढे ओढलेला एप्रन दोन्ही हातांनी सरळ केला. "आत गेले त्याच्या आधी चार दिवस हालचाल थांबली होती. सुईणीला दाखवून आले होते. ती म्हणाली, गेलंय, आपोआप सुटेल, वाट बघ."

एइझो तिच्याकडे बघत राहिला.

"मग तू आत... का आलीस?"

"का आले? सोळा वर्षं नवरा ज्या बाईकडे राहायला होता, ती कशी दिसते ते बघायला आले. तुम्ही महिन्यातून दोनदा घरी यायचात, जेवायचात, झोपायचात. नोबुए झाली तेव्हा आत होतात. शिगे झाला तेव्हा आत होतात. म्हटलं, हे तिसरं असं गेलं, आता तरी बघू काय ठेवलंय तिथे." ती क्षणभर थांबली. "पाणी आणि काळोख. दुसरं काही नव्हतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आधी सांगणार होते. मग ते सुटलं, आणि तुम्ही रडलात. माझ्या उशाशी अकरा दिवस बसलात. अकरा! कामावर गेला नाहीत, साहेबाने माणूस पाठवला त्याला परत पाठवलंत. मला पेज करून घातलीत, खारट करायचात ती. मला वाटलं, माझ्यामुळे झालं असं यांना वाटतंय म्हणून बसलेत. खरं सांगितलं तर उठून जातील." तिने वाढणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मग सांगायची वेळ निघून गेली. एक वर्ष झालं की दुसरं वर्ष सोपं जातं. तुम्ही देवीला भीत राहिलात, आणि मी बघत राहिले. वाईट केलं मी. चाळीस वर्षं तुमच्या छातीवर नको तो दगड ठेवला."

शिगेओला वाटलं, म्हातारा आता ओरडेल. नोबुएला वाटलं, त्याचा श्वास अडकेल. तिने यंत्राच्या बटणाकडे हातही नेला. एइझो यांतलं काहीच करत नव्हता. तो त्या दिवसात परत गेला होता. गुडघाभर पाण्यात बायकोचा हात धरून चालला होता, पलीकडच्या माणसांनी भोकातून हात बाहेर काढले होते, सगळे ओरडत होते, आणि त्याने आनंदाच्या भरात तिच्या कानात म्हटलं होतं, पोटावर हात ठेव, त्यालाही ऐकू दे.

"मी तुला सांगितलं," तो म्हणाला, "हात ठेव. आणि तू... ठेवलास."

"ठेवला."

"ठाऊक असून."

"मग काय करणार? तुम्ही इतके खूश होता."

म्हाताऱ्याने नळी सांभाळत हात पुढे केला. तोमेचा हात सापडेना म्हणून त्याने तिची बाही धरली आणि धरून ठेवली. "चार दिवस," तो म्हणाला, "आणि वर तीन. एकटीच होतीस की गं."

माझ्यावर उलटेल, शिव्या देईल, या सगळ्याची तयारी तोमेने चाळीस वर्षांत केलेली होती. याची तयारी तिने केलेली नव्हती. ती एप्रनमध्ये तोंड लपवून रडायला लागली, आणि पंच्याहत्तरीच्या आईला रडताना पहिल्यांदाच बघून शिगेओ उगाचच माशाचे काटे गोळा करू लागला.

*

पट्टा बांधायचा तेवढा राहिला होता. तोमेने डोळे पुसले आणि सावाकोला उभं केलं. कापड पोटाभोवती फिरत होतं. म्हातारीने गाठ घट्ट बसवली.

"आता तुझं तू ठरव," ती नातीला म्हणाली. "देवीला मध्ये आणू नकोस. ती कुणाचं घेत नाही."

नोबुएने आशेने भावाकडे बघितलं. आता तो नाही म्हणणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. देवीचा अडसर गेला, आजोबांचा गेला. यादी खिशात होती आणि पोट कोटाखाली झाकलं जात होतं. सावाकोने हो म्हटलं असतं तर त्या घरातून एकही शब्द बाहेर गेला नसता.

तिलाही ते दिसत होतं. पण या घरातले लोक गप्प कसे राहू शकतात हे तिने आत्ताच बघितलं होतं. एक वर्ष झालं की दुसरं सोपं जातं. समोर तात्सुया बसला होता, मघाचा भात तसाच ठेवून. मागच्या अडीच महिन्यांत तीही सोप्या वाटेला लागली होती की!

तिने फोन काढला आणि सगळ्यांसमोर साहेबांना लावला.

"ओनो बोलतेय. सुटीच्या दिवशी त्रास देते. अठ्ठावीसच्या यादीतून माझं नाव काढावं लागेल. मी पाचव्या महिन्यात आहे... हो. आधी सांगायला हवं होतं, चूक माझी. मुकादमांना काही माहीत नव्हतं, त्यांना आजच कळलं... आभारी आहे. पण टेबल मी सोडणार नाही. पाण्याचं काम वरून होतं, सात वर्षं मी वरूनच केलंय. बाळंतपणाच्या रजेपर्यंत तेही करेन आणि रजेनंतरही मीच करेन. हे लेखी पाठवते उद्या."

फोन ठेवला आणि मग तिला हुंदका आला. ती खूप रडली, लहान मुलासारखी, नाक पुसत. तात्सुया उठून तिच्या शेजारी येऊन बसला. पाठीवर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना, शेवटी ठेवला.

शिगेओने खिशातून यादी काढली. चौथ्या नावावर रेघ मारली. पेन काही त्याने बंद केलं नाही.

"सुरुंगाचा परवाना आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," ती नाक ओढत म्हणाली. "बारा वर्षं झाली. कधी वापरला नाही. कोण वापरू देणार?"

"नगराध्यक्ष त्या दिवशी आत येऊन फीत लावलेली कळ दाबणार आहेत. त्या कळीला नुसता दिवा जोडलाय. खरी कळ माझ्याकडे असते." तो यादीकडेच बघून बोलत होता. "ती कळ आतच असली पाहिजे, असं काही कायद्यात लिहिलंय?"

सावाकोचं रडणं थांबलं.

"नाही," ती म्हणाली. "माणसं लांब गेली की कुठूनही उडवता येतो. बोगद्याच्या तोंडाशी बसूनही. फक्त तार लागेल."

"किती?"

"चार हजार सहाशे चाळीस मीटर." तिने डोळे पुसले. "नाही, मामा, पाच हजार घ्या. वळणावर ताण नको. आणि इतक्या लांब तारेला जोर कमी पडेल, मोठं यंत्र मागवावं लागेल."

"मागवतो." शिगेओने रेघ मारलेल्या नावाशेजारी आकडा लिहिला. "पाच हजार मीटर हाताने अंथरायची म्हणजे माणसं लागणार. बाईबरोबर आत यायचं नाही म्हणून एकोणीस जण माझ्यावर रुसलेत. आता बाई आत येत नाहीये. उद्या सकाळी ओदाला म्हणतो, चल, रुसवा सोड आणि तार उचल. कळ कोण दाबणार ते तार अंथरून झाल्यावर सांगेन."